प्रचाराची साधने कोणाच्या हाती?

१४ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री कोलकात्याच्या रस्त्यांवर स्त्रियांचा जो महापूर लोटला, तो कोणा एका पक्षाच्या आदेशाने लोटलेला नव्हता. आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कामावर असलेल्या एका तरुण महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाल्याचे ९ ऑगस्ट रोजी उघडकीस आले होते. त्यानंतर पाचच दिवसांनी, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वरात्री, रात्रीवर आणि रस्त्यावर आपलाही हक्क आहे हे सांगण्यासाठी विद्यार्थिनी, परिचारिका, घरकामगार, गृहिणी आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या स्त्रिया हजारोंच्या संख्येने बाहेर पडल्या. ही हाक पोहोचली ती हातातल्या फोनवरून फिरलेल्या एका साध्या निवेदनाने. जादवपूरचा ८बी बसथांबा, अ‍ॅकॅडमी ऑफ फाइन आर्ट्सचा परिसर, कॉलेज स्ट्रीट अशी मोजकी ठिकाणे त्यात प्रथम होती. दिवस, वेळ, जागा आणि मागणी, एवढाच मजकूर. पुढे प्रत्येक वस्तीने त्याच चौकटीत आपल्या चौकाचे नाव घातले. यादी शहराबाहेर गेली, जिल्ह्यांत गेली, बंगालच्याही बाहेर गेली.

प्रचाराच्या तंत्राचा विचार करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने या घटनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. त्या निवेदनात विशेष कलाकुसर नव्हती. पण ते कोणालाही वाचता येत होते आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणालाही बदलता येत होते. मध्यवर्ती कार्यालयाच्या संमतीची वाट न पाहता वस्तीतल्या माणसाने स्वतःची जागा त्यात लिहावी अशी मोकळीक त्या साच्यातच होती. हाक पसरली ती या मोकळिकीमुळे.

मात्र त्याच दिवसांत, त्याच फोनवरून, दुसरेही काही पसरले. बळी पडलेल्या मुलीचे नाव, तिची छायाचित्रे आणि तिच्या मृतदेहाविषयीच्या भयंकर व निराधार कहाण्या हजारो हातांनी पुढे ढकलल्या. अशा गुन्ह्यातील बळीची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही अखेर २० ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाला ते नाव आणि ती छायाचित्रे काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला. न्यायाची मागणी करणाऱ्यांनीच जिच्यासाठी न्याय मागायचा तिची विटंबना चालवली होती. ती चालवणारे सगळेच शत्रुपक्षाचे होते असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. त्यांत सद्‌भावनेने पेटलेले असंख्य लोक होते आणि डाव्या विचारांचे लोकही होते.

एकच साधन, एकच आठवडा आणि ही दोन फळे. तेव्हा हे साधन चांगले की वाईट ही चर्चा वांझोटी आहे. ते कोणाच्या मालकीचे आहे, ते वापरण्याचे कसब कोणाला अवगत आहे आणि त्यातून जाणारा मजकूर कोणी तपासला आहे, हे तीन प्रश्न खरे आहेत. कोलकाता हे शहर या प्रश्नांशी कम्युनिस्ट चळवळीच्या जन्मापासून, किंबहुना त्याही आधीपासून, झगडत आले आहे.

मराठी वाचकाला कदाचित ठाऊक नसेल, पण मराठी छपाईच्या इतिहासाचे पहिले पान याच शहराच्या शेजारी उलगडते. १७७८ साली हुगळी येथे हालहेड याचे बंगाली व्याकरण छापले गेले, त्यासाठी विल्किन्सबरोबर बंगाली खिळे घडवले पंचानन कर्मकार या कारागिराने. हाच कारागीर पुढे श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडे गेला आणि तेथील ओतशाळेत अनेक देशी लिप्यांचे खिळे तयार झाले. १८०५ साली विल्यम केरी याचे मराठी व्याकरण याच श्रीरामपुरात छापले गेले. १८१० चा त्याचा मराठी कोश मोडी लिपीत छापला गेला, तोही तेथेच. कंपनी सरकारला हवे होते भाषा जाणणारे अंमलदार. मिशनऱ्यांना हवे होते धर्मांतर. भांडवल त्यांचे, हेतू त्यांचे, आणि छिन्नी मात्र लोहारकामाची परंपरा असलेल्या एका बंगाली कारागिराची. मुद्रणकला या देशात आली ती अशी मालकाच्या दारातून. पण एकदा खिळा हाती आल्यावर त्यातून काय छापायचे हे ठरवण्याचा मक्ता मालकाकडे राहिला नाही.

डिसेंबर १९२५ मध्ये कलकत्त्यात 'लांगल' हे साप्ताहिक निघाले. लांगल म्हणजे नांगर. काझी नझरुल इस्लाम त्याचे प्रमुख संचालक होते. कॉ. मुझफ्फर अहमद यांचा त्याच्याशी निकटचा संबंध होता आणि पुढे 'गणवाणी' त्यांच्या संपादनाखाली निघाले. त्याच सुमारास मुंबईत शेतकरी-कामकरी पक्षाचे 'क्रांती' हे मराठी साप्ताहिक गिरणी कामगारांच्या हाती पडू लागले होते. काकाबाबू या नावाने बंगाल ज्यांना ओळखतो त्या मुझफ्फर अहमद यांनी तुरुंगवास व अज्ञातवास सोसत असतानाही छापखाना आणि पुस्तकांची दुकाने यांचा ध्यास सोडला नाही. १९३९ साली त्यांच्या पुढाकाराने नॅशनल बुक एजन्सी उभी राहिली. छापखाना ही हिशेबाच्या वहीतली खर्चाची बाब नसून संघटनेचे हत्यार आहे, ही त्यांची धारणा होती. ज्यांना आज प्रचारविभाग म्हणजे निवडणुकीपूर्वी दोन महिने उघडायचे दुकान वाटते, त्यांनी ही धारणा पुन्हा तपासून पाहावी.

या परंपरेची कसोटी लागली ती १९४३ साली. बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. गोदामांत धान्य होते, साठेबाजांच्या पेढ्या भरत होत्या, आणि सरकार युद्धाच्या नावाखाली बातम्या दडपत होते. अशा वेळी पक्षाने आपल्या चित्रकारांना आणि छायाचित्रकारांना काय सांगितले? घोषणा लिहा असे सांगितले नाही. जा आणि पाहा असे सांगितले. तरुण सुनील जाना सरचिटणीस कॉ. पी. सी. जोशी यांच्याबरोबर कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडले. चित्तप्रसाद भट्टाचार्य नोव्हेंबर १९४३ मध्ये मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरले. ते कोणत्याही कलाशाळेत तयार झालेले नव्हते. भुकेने उन्मळलेल्या माणसांजवळ बसून त्यांनी शाईने रेखाटने केली आणि त्या माणसाचे नाव, गाव, शेत कसे गेले, घरातले कोण मेले हे नोंदवून ठेवले. चित्र आणि वृत्तांत यांची त्यांनी कधी फारकत होऊ दिली नाही. झैनुल आबेदिन यांनी तर स्वस्त वेष्टनाच्या कागदावर काळ्या शाईने दुष्काळाची जी रेखाटने केली, ती आज उपखंडाच्या कलेचा ठेवा मानली जातात.

ही चित्रे आणि छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर'मधून आणि त्याच्या भाषिक आवृत्त्यांतून, बंगालीत 'जनयुद्ध' तर मराठीत 'लोकयुद्ध' यांमधून, देशभर गेली. त्यामुळेच परळच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराला मेदिनीपूरच्या शेतमजुराचा चेहरा ठाऊक झाला. कॉ. अण्णा भाऊ साठे यांचा 'बंगालची हाक' हा पोवाडा याच वातावरणात जन्मला. बंगालमधली उपासमार डफ-तुणतुण्यावर महाराष्ट्राच्या गावात पोहोचली, मदतफेऱ्या निघाल्या, धान्य आणि पैसे गोळा झाले. एका प्रांताचे दुःख दुसऱ्या प्रांताच्या भाषेत नेणे हे काम भाषांतराचे वाटते, पण ते सर्वस्वी राजकीय काम आहे आणि त्याला चित्राची, गाण्याची, खिळ्याची अशी सगळीच साधने लागतात.

चित्तप्रसाद यांची मेदिनीपूरच्या प्रवासावरील 'हंग्री बेंगॉल' ही पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळली. पाच हजार प्रती नष्ट झाल्या असे सांगितले जाते. साम्राज्याला आपल्या तोफांइतकीच एका पातळ पुस्तिकेची दखल घ्यावीशी वाटली, याहून मोठी पावती कोणत्या चित्रकाराला मिळाली असेल? पुढे चित्तप्रसाद मुंबईत स्थायिक झाले. अंधेरीच्या लहानशा खोलीत राहून त्यांनी लिनोलियमच्या तुकड्यावर चाकूने कोरून असंख्य ठसे केले. श्रमणारी मुले, शेतकरी, शांततेची मागणी हे त्यांचे विषय. लिनो ही गरिबाची मुद्रणकला आहे. एक तुकडा, एक चाकू, शाईचा रूळ एवढ्या सामग्रीत शेकडो प्रती निघतात आणि वीजही लागत नाही. पक्षाशी त्यांचे औपचारिक नाते पुढे राहिले नाही, आणि अशा कलावंतांना सांभाळण्यात चळवळ अनेकदा कमी पडली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

सोमनाथ होर यांचा मार्ग याहून फारसा निराळा नव्हता. १९४६ च्या हिवाळ्यात उत्तर बंगालच्या रंगपूर जिल्ह्यात तेभागाचा लढा पेटला. पिकाचे तीन वाटे, त्यांतले दोन कसणाऱ्याचे, ही बटाईदारांची मागणी होती. होर तेथे वही घेऊन राहिले. सभा, कापणी, रात्रीचा पहारा, म्हातारे आणि स्त्रिया, सगळे त्यांनी रेखाटले आणि रोजनिशी लिहिली. लढ्याचे चित्र काढण्यासाठी लढ्यात झोपावे लागते, ही गोष्ट त्या रोजनिशीत कोठे लिहिलेली नसली तरी तिच्या पानापानांतून दिसते.

स्वातंत्र्यानंतर कोलकात्याने प्रचाराचे आणखी एक साधन परिपूर्ण केले, ते म्हणजे भिंत. चुन्याचा हात, कोळशाने आखलेली रूपरेषा, डिंकात कालवलेली रंगाची पूड, आणि कंदिलाच्या उजेडात रात्रभर अक्षरे भरणारी पोरे. ज्या शाखेकडे वळणदार अक्षर काढणारा एखादा सभासद असे, तिचा विभागात दरारा असे. भिंती वर्षानुवर्षे राखून ठेवल्या जात. कोपऱ्यात पक्षाचे नाव आणि साल लिहिले की ती भिंत त्या पक्षाची, असा अलिखित करार असे आणि त्यावरून हाणामाऱ्याही होत. त्या भिंतींवर उपरोधिक यमके असत, व्यंगचित्रे असत, व्हिएतनामही असे. १९६७ साली सुरू झालेले 'गणशक्ती' हे दैनिक रोज सकाळी चौकाचौकातल्या फलकांवर चिकटवले जाऊ लागले. विकत न घेणारा माणूस कामावर जाता जाता उभा राहून ते वाचत असे, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी वाद घालत असे. गिरणगावात नाक्यावरच्या खडूने लिहिलेल्या वार्ताफलकांपुढे जो घोळका जमे, त्याचीच ही बंगाली जातकुळी. फोनवरचा वाचक एकटाच वाचतो. फलकापुढचा वाचक चारचौघांत वाचत असे. हा फरक केवळ तंत्राचा नाही.

२००६ च्या विधानसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाने १९७६ च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्याचा बडगा उगारला आणि भिंती ओक्याबोक्या झाल्या. त्याच सुमारास प्लास्टिकच्या फ्लेक्सने सर्व देश व्यापला. फ्लेक्स स्वस्त आहे, झटपट आहे, आणि त्याने देशातल्या लक्षावधी फलकरंगाऱ्यांच्या हातचे काम काढून घेतले. कामगारवर्गाच्या पक्षांनीही तो बिनतक्रार स्वीकारला. नेत्यांचे हसरे चेहरे ओळीने मांडण्याची जी कुरूप रीत भांडवलदारी पक्षांनी रूढ केली, तीही कळत-नकळत स्वीकारली. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या अधिवेशनाचा फ्लेक्स असा होता हे सांगण्याची गरज नाही. वाचकांपैकी बहुतेकांनी तो बांधायला मदत केली असेल.

आता अलीकडच्या दिवसांकडे वळू. २८ फेब्रुवारी २०२१ च्या ब्रिगेड मैदानावरील सभेसाठी बंगालच्या डाव्या तरुणांनी 'टुम्पा' या लोकप्रिय गाण्याची विडंबनात्मक आवृत्ती काढली. ती फोनाफोनांतून वणव्यासारखी पसरली. सभाही विराट झाली. मग मे महिन्यात निकाल लागले आणि विधानसभेत डाव्या आघाडीची एकही जागा उरली नाही. २०२४ च्या मार्च महिन्यात माकपच्या बंगाल शाखेने 'समता' नावाची, यंत्राने घडवलेली निवेदिका प्रचारात आणली. तिच्यावर चर्चा पुष्कळ झाली. लोकसभेच्या निकालात बंगालमधून डाव्यांच्या वाट्याला तेव्हाही शून्यच आले.

यावरून जुन्या पिढीतील काही कॉम्रेड असा निष्कर्ष काढतात की ही नवी साधने म्हणजे पोरखेळ. हा निष्कर्ष आळशी आहे. पराभवाची कारणे बूथपातळीवरील संघटनेत, दहशतीत, धार्मिक ध्रुवीकरणात आणि १९७७ ते २०११ या चौतीस वर्षांच्या सत्ताकाळातील चुकांत शोधली पाहिजेत. एखाद्या गाण्याने ती कारणे निर्माण केली नाहीत आणि ती भरून काढणे गाण्याला शक्यही नव्हते. त्या तरुणांनी मेहनत घेतली, लोकांच्या तोंडची चाल उचलली, यात गैर काही नाही. शाहिरांनी याहून निराळे काय केले? टीका करायची तर ती वेगळ्या मुद्द्यावर करावी लागेल. 'समते'ला चेहरा आहे, आवाज आहे, पण ती कोणत्याही गावी गेलेली नाही. तिला कोणी शंभर दिवसांच्या कामाची थकलेली मजुरी सांगितलेली नाही. चित्तप्रसाद ज्या प्रवासाला निघाले तो प्रवासच या साधनातून वगळला गेला आहे. यंत्र वाक्य वाचून दाखवील. ते वाक्य कोणाच्या झोपडीतून आणले, हे विचारण्याची जबाबदारी संघटनेची आहे.

मालकीचा प्रश्न याहूनही गंभीर आहे. ज्या व्यासपीठांवर आज चळवळीची सगळी मदार आहे, ती मूठभर परदेशी मक्तेदार कंपन्यांची खाजगी मालमत्ता आहेत. २० डिसेंबर २०२० रोजी दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांचे 'किसान एकता मोर्चा' हे फेसबुकवरील पान काही तासांसाठी नाहीसे झाले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी सरकारच्या सांगण्यावरून त्यांचे ट्विटरवरील खातेही रोखण्यात आले. ओरड झाल्यावर दोन्ही परत सुरू झाली, पण किल्ली कोणाकडे आहे हे स्पष्ट झाले. पान नाहीसे होण्याच्या दोनच दिवस आधी, १८ डिसेंबरला, त्याच सीमेवर 'ट्रॉली टाइम्स' हे चार पानी वृत्तपत्र पंजाबी व हिंदीत छापून ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांतून वाटायला सुरुवात झाली होती. भाड्याच्या घरात राहावे लागले तर राहावे, पण गावाकडची ओसरी विकू नये, असे म्हणतात. त्या शेतकऱ्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही.

अशी ओसरी आज कशी बांधायची? पैशाची सबब यापुढे चालणार नाही. पूर्वी डीटीपीच्या काळात मराठी अक्षरवळणे विकत घ्यावी लागत. ती न परवडल्याने चोरून वापरली जात, आणि एका संगणकावर जुळवलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे, कारण ती अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसलेली असत. अनेक कार्यालयांतील वीस-पंचवीस वर्षांची पत्रके, ठराव आणि अहवाल आज याच कारणाने कोणालाही वाचता येत नाहीत. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि हा घोळ मिटला. आता मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवलेली 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखी देवनागरी अक्षरवळणे मुक्त परवान्याखाली कोणालाही विनामूल्य घेता येतात, छापता येतात आणि बदलताही येतात. छपाईत मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हवा असेल तर तोही निवडता येतो. हिंदी वळणात छापलेले पत्रक मराठी वाचकाच्या डोळ्याला कोठेतरी खटकते, त्याला कारण सांगता आले नाही तरी.

बंगाली भाषकांची कहाणी तर अधिक उद्‌बोधक आहे. बांगलादेशातील मेहदी हसन खान या वैद्यकीय विद्यार्थ्याने २००३ साली 'अभ्र' ही बंगाली टंकलेखनाची सोय तयार केली आणि ती सर्वांना फुकट दिली. भाषा मोकळी असावी हे तिचे ब्रीद. सीमा ओलांडून ती कोलकात्याच्या घराघरांत आणि कार्यालयांत पोहोचली. २०२५ साली त्या कामासाठी त्याला व त्याच्या तीन सहकाऱ्यांना बांगलादेशाचा एकुशे पदक हा सन्मान मिळाला. केरळमध्ये २००२ पासून 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' या स्वयंसेवकांच्या गटाने मलयाळम अक्षरवळणे व लेखनसाधने घडवली, आणि तेथील सरकारी शाळांतली मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात. चित्र रेखाटण्यासाठी इंकस्केप, छायाचित्र सुधारण्यासाठी गिंप, पत्रकाची पाने जुळवण्यासाठी स्क्रायबस, मजकुरासाठी लिब्रेऑफिस, ही सगळी साधने अशाच सामूहिक श्रमांतून उभी राहिली आहेत. त्यांचा कोणी मालक नाही. समाजवादाची भाषा बोलणाऱ्या कार्यालयात ही साधने अपरिचित असावीत आणि त्याऐवजी एखाद्या कंपनीचे महिन्याच्या भाड्याने मिळणारे तयार साचे वापरले जावेत, ही विसंगती मोठी आहे. त्या साच्यांत लग्नाची पत्रिका, मोबाइलच्या दुकानाची जाहिरात आणि संपाची हाक एकाच चेहऱ्याची निघते.

याचा अर्थ प्रत्येक शाखेने चित्रकार नेमावा असा नाही. प्रत्येक जिल्ह्यात दोन-तीन कॉम्रेड, त्यांत एक तरी स्त्री आणि एक तरी कारखान्यातला किंवा शेतातला, ही साधने नीट शिकतील आणि इतरांना शिकवतील, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. रुपयाभर मोठे अक्षर, एका पत्रकात एकच मागणी, दिवस-वेळ-जागा सर्वांत वर, आणि वस्तीतल्या माणसाला बदलता येईल असा उघडा साचा, ही शिकवणीची सुरुवात पुरेशी आहे. पत्रकातील छायाचित्र मोर्चातील खऱ्या माणसाचे असावे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या फोड आलेल्या, रक्ताळलेल्या पायांची छायाचित्रे मुंबईकरांनी फोनवर पाहिली. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून हे लोक रात्रीतून आझाद मैदानावर चालत गेल्याचेही त्यांना कळले, आणि जे मध्यमवर्गीय लाल टोपी पाहून नाक मुरडत असत, ते पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. त्या छायाचित्रांची मांडणी कोणी केली नव्हती. तेथे कॅमेरा घेऊन कोणीतरी चालले होते, इतकेच.

तपासणीच्या बाबतीत मात्र ढिलाई परवडणारी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षेकरी भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. फोनवर फिरणाऱ्या मूल पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा हे त्याचे निमित्त होते. त्या अफवा पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना आपण काही वाईट करत आहोत असे वाटले नसेल. छापील पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव घालण्याचे बंधन निवडणूक कायद्याच्या १२७अ कलमाने घातले आहे, आणि चळवळीच्या पत्रकांवर ते नाव निवडणूक नसतानाही असे, कारण त्या मजकुराची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असे. हाच नियम फोनवर पाठवायच्या प्रत्येक चित्राला आणि चित्रफितीला लावावा: खाली समितीचे नाव, तारीख, आणि माहिती कोठून आली त्याचा उल्लेख. ज्याखाली नाव घालण्याची तयारी नाही ते पाठवू नये. बळी पडलेल्या स्त्रीचे किंवा बालकाचे नाव व चेहरा कोणत्याही कारणाने येऊ नये. सभासदांच्या व पीडितांच्या याद्या, दूरध्वनी क्रमांकांसह, शेकडो लोकांच्या गटांवर टाकण्याची जी सवय जडली आहे ती ताबडतोब मोडावी. उद्या त्या याद्या कोणाच्या हाती पडतील हे सांगता येत नाही.

राहता राहिली जतनाची बाब, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. 'हंग्री बेंगॉल' जाळली गेली तरी कुटुंबीयांकडे एक प्रत जपून राहिली होती, आणि तिच्यावरून २०११ साली दिल्लीच्या एका कलादालनाने ती पुस्तिका जशीच्या तशी पुन्हा छापली. म्हणून ती आज पाहता येते. जिल्हा समित्यांनी आपल्या प्रत्येक पत्रकाची, भित्तिपत्रकाची आणि छायाचित्राची एक प्रत युनिकोड मजकुरासह संगणकावर, आणि दुसरी कागदावर, वेगळ्या इमारतीत ठेवावी. मागे तारीख, गाव आणि काढणाऱ्याचे नाव पेन्सिलीने लिहावे. शाई कागदातून झिरपते.